माळ्यावरचा कॅमेरा



घटस्थापनेच्या आधीची आवराआवर म्हणजे काय असते, ते तुम्हांला मी वेगळं सांगायला नको. गोधड्या-चादरी धुवून निघतात, डबे घासून होतात, जाळी-जळमटं जातात आणि शेवटी उरतो तो माळा. तिथं चढायचं धाडस वर्षातून एकदाच होतं. आणि एकदा चढलं, की अर्ध्या तासाचं काम दुपारभर पुरतं, कारण एकेक वस्तू हातात घेऊन आपण तिथंच बसून राहतो.

गेल्या वर्षी माझं असंच झालं. माळा मात्र माझ्या नांदेडच्या घरचा नव्हे, तर माहेरचा, लातूरचा. आईचे गुडघे आता शिडी चढू देत नाहीत आणि बाबांना धुळीनं खोकला येतो. शाळेत मी तासिका तत्त्वावर शिकवते, त्यामुळे शनिवार-रविवारला जोडून एक दिवस मोकळा मिळाला. मुलांना सासूबाईंच्या हवाली केलं, सकाळची बस धरली आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करत दुपारच्या जेवणाला लातूरला पोहोचले.

माळ्यावर काय काय होतं म्हणून सांगू! पितळी बंब, माझा शाळेतला डबा, तुटकं पाळणाघर, बाबांच्या जुन्या पावत्यांचे गठ्ठे. सगळ्यांत मागे एक पत्र्याची ट्रंक. तिच्यात तळाशी, आईच्या जुन्या पातळात गुंडाळलेलं एक चामडी कव्हर. कव्हरावर पांढरी बुरशी चढलेली. बटण उघडलं, तर आत कॅमेरा!

"आई, कॅमेरा सापडला!" मी वरूनच ओरडले.

खालून लगेच उत्तर आलं नाही. मग थोड्या वेळानं आई म्हणाली, "ठेव की तिथंच. बिघडलाय तो. उगं कशाला काढायलीस?"

मी काढलाच. तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या मैत्रिणींना तो कॅमेरा नुसत्या वर्णनावरून ओळखू येईल. काळा, ठोकळ्यासारखा, हातात धरला तर हलका. समोर गोल भिंग, भिंगाजवळ ऊन आणि ढग दाखवणाऱ्या खुणा. आगफा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा तो. त्या काळी कितीतरी घरांतला हा पहिला आणि एकुलता एक कॅमेरा. त्यात रुंद रीळ बसायचं, आणि एका रिळात फोटो यायचे बारा. बाबांनी तो लग्नाआधी घेतलेला. माझ्या बारशाचे, मावशीच्या लग्नाचे, तुळजापूरच्या वारीचे आमच्याकडचे सगळे फोटो त्यानंच काढलेले.

या कॅमेऱ्याच्या पाठीला तांबड्या काचेची एक बारकी खिडकी असते. कितवा फोटो चालू आहे, तो आकडा तिच्यातून दिसतो. मी धूळ पुसली आणि उजेडाकडे धरून पाहिलं. आत आकडा होता ८.

"आई गं, ह्यात रोल आहे!"

"मला माहीत आहे," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मैत्रिणींनो, आता थोडं मागं जावं लागेल.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपलेली. चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारी आणि आसपासची लातूर जिल्ह्यातली, तशीच तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावं मिनिटभरात भुईसपाट झाली. हजारो माणसं गेली. आमच्याकडची जुनी घरं तुम्ही पाहिली असतील. दगडमातीच्या हात-दीड हात रुंद भिंती, वर लाकडाचं माळवद आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात अशा घरासारखा गारवा दुसरीकडे नाही. पण त्या रात्री तेच दगड आणि तीच माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. पुढं ५२ गावं जागा बदलून नव्यानं वसवावी लागली.

त्यांतलंच एक गाव माझं आजोळ. आजी त्या रात्री घरात होती. मामा कामासाठी सोलापूरला गेलेला, म्हणून वाचला. मी तेव्हा चार वर्षांची. मला एवढंच आठवतं, की लातुरात आम्ही कितीतरी दिवस अंगणात सतरंजी टाकून झोपायचो आणि आई रात्री झोपायची नाही.

घराबरोबर घरातलं सगळं गेलं. आजीचा एक फोटो भिंतीवर होता आणि एक तिच्या ट्रंकेत. दोन्ही त्या ढिगाऱ्यात राहिले. नंतर नातेवाइकांकडं शोधाशोध झाली, पण कुणाकडंही आजीचा फोटो निघाला नाही. आमच्या देवघराशेजारी आजोबांचा फोटो आहे. आजीची जागा मोकळीच होती.

त्याच वर्षी मे महिन्यात, आंब्याच्या दिवसांत, आई मला घेऊन माहेरी गेली होती. बाबांना रजा नव्हती, म्हणून त्यांनी कॅमेरा आईच्या हाती दिला. ऊन पाठीशी घ्यायचं, चार पावलं मागं सरायचं, श्वास धरायचा आणि खटका दाबायचा, एवढं शिकवलं. आईनं सात-आठ फोटो काढले. उरलेले दिवाळीत काढू, मग रोल धुवायला देऊ, असं ठरलं होतं.

ती दिवाळी तशी आलीच नाही. आईनं कॅमेरा पातळात गुंडाळून ट्रंकेत ठेवला आणि बाबांना सांगितलं, पडून बिघडला. पुढं रंगीत फोटोंचे छोटे कॅमेरे आले, मग मोबाइल आले. त्या ठोकळ्याची आठवण कुणी काढली नाही. बाबांना हे सगळं त्या दिवशी, माझ्यासमोरच कळलं. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांना वाटत होतं, कॅमेरा बिघडलाय. ते काही बोलले नाहीत. नुसतं पाण्याचं तांब्या-भांडं आईपुढं सरकवलं.

रात्री भांडी घासताना मी आईला विचारलं, "अगं, मग इतकी वर्षं धुवून का नाही आणलास?"

आई म्हणाली, "धुवायला दिला आन् कोरा निघाला तर? आत आहे, एवढं तर आहे ना."

यावर मी काय बोलणार? तुम्हीच सांगा.

कॅमेरा साफ करून आणते, असं सांगून मी तो नांदेडला घेऊन आले. खरं सांगते, माझ्या मनात पाप आलं होतं. गुपचूप रोल धुवून आणावा, फोटो आले तर आईला दाखवावे, नाही आले तर गप्प बसावं. आमच्या ह्यांना मी हा बेत सांगितला. ते एरवी कशात पडत नाहीत. पण त्या दिवशी वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "रोल आईंचा आहे. त्यांना विचारल्याशिवाय तो उघडायचा नाही. कोरा निघाला तर ते तुला एकटीला माहीत असणार, आणि तू ते त्यांच्यापासून लपवणार. एक लपवणं संपवायला दुसरं कशाला?" मला राग आला, पण म्हणणं पटलं.

दरम्यान एक दिवस तो कॅमेरा मी सहावीच्या वर्गात नेला. सगळ्यांनी तो आधी उलटा करून पाहिला. पडदा शोधत होती मुलं! "मॅडम, फोटो दिसतो कुठं?" दिसत नाही, सगळे बारा काढून झाले की रोल धुवायला द्यायचा, मग आठ दिवसांनी फोटो, असं सांगितल्यावर वर्गात हशा. मात्र मागच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तिनं विचारलं, "आणि तोपर्यंत तो माणूस गावाला गेला तर?" मी पुस्तक उघडलं आणि धडा सुरू केला.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. आमच्या घरातल्या अल्बममध्ये आई फारशी नाही. आमच्या आळीतल्या इतर घरांतही बाया फोटोत असतात त्या लग्नात, बारशात, ठरावीक जागी, पदर नीट करून उभ्या. त्यांच्या हातात कॅमेरा क्वचितच. म्हणून आईच्या हातचा हा एकच रोल मला फार मोलाचा वाटू लागला. आणि असं बघा, आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या हैदराबादेत निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली खास स्त्रियांसाठी जनानी स्टुडिओ काढला होता. पडद्यातल्या बायकांचे फोटो पुरुषानं काढायचे नाहीत, म्हणून तिथलं काम मिसेस केनी-लेविक नावाची इंग्रज बाई पाहायची. नवसारीला १९१३ साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला तर वृत्तपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावानं! २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांचे अखेरचे दिवस गेले ते बडोद्यात, आमचा हा कॅमेरा बनला त्याच गावी. तर बायकांनी कॅमेरा धरला नाही असं नाही. धरला तिथं त्यांची नोंद उशिरा झाली, इतकंच.

आईला मी पुन्हा विचारलं नाही. दिवाळी गेली. डिसेंबरात येळवस आली. नांदेड-लातूरच्या बाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते, येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं सगळं गाव रानात जातं. कडब्याच्या कोपीत पूजा होते, आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, असं जेवण. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत हो! तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाज्या आणि ताकात कालवलेलं बेसन घालून केलेली दाट भाजी. गाव हललं तरी रान जिथल्या तिथं आहे, म्हणून मामाकडची येळवस त्याच जुन्या शेतात होते.

पंगत उठली. आई भज्जीच्या पातेल्याशी बसली होती. म्हणाली, "आईची भज्जी ह्याच्यापेक्षा दाट असायची." मग तितक्याच सहजपणे म्हणाली, "तो रोल देऊन टाक गं धुवायला. काय निघायचं ते निघू दे."

आता खरं काम सुरू झालं. पहिल्या फोटोवाल्यानं रोल हातातही घेतला नाही. "मॅडम, आता ह्यात काही येत नसतं, फेकून द्या." दुसरा उत्साही निघाला, लगेच द्या म्हणाला. माझ्या नशिबानं तिथंच एक वयस्कर गृहस्थ बसले होते. एके काळी त्यांचा स्वतःचा काळ्या खोलीचा धंदा होता. त्यांनी विचारलं, "रोल कृष्णधवल आहे की रंगीत?" आतल्या रोलच्या कागदी पट्टीवर नाव होतं 'इंदु'. हा आपल्या सरकारी कारखान्याचा रोल. हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी १९६० साली स्थापन झाली आणि तिचा उटीचा कारखाना १९६७ पासून रोल बनवू लागला. आता तो बंद झाला आहे. ते गृहस्थ म्हणाले, "बाई, कृष्णधवल रोल चुकूनही रंगीतच्या रसायनात घालू देऊ नका. ज्या चांदीत चित्र असतं, ती चांदीच त्यात विरघळून जाते. मग ब्रह्मदेवही काही करणार नाही. आणि निराश होऊ नका, कृष्णधवलचं चित्र रंगीतपेक्षा जास्त टिकतं."

बघा, तो दुसरा रोल घेऊन बसला असता तर? मी त्या गृहस्थांना नमस्कार करून निघाले. पुण्याला माझे धाकटे भाऊजी असतात. हातानं कृष्णधवल रोल धुणारा माणूस त्यांनी शोधून काढला. तो म्हणाला, जुना रोल आहे, घाई करू नका. संक्रांत होऊन गेल्यावर भाऊजींचा फोन आला.

सात फोटो काढलेले होते. त्यांतले चार नुसते धुरकट, उजेड शिरलेले. एकात गोठ्यातलं वासरू, तेही अर्धं. एकात मी, फ्रॉकवर आंब्याचा डाग. आणि एकात आजी.

फोटो कुरिअरनं मागवायचं धाडस मला झालं नाही. भाऊजी स्वतः नांदेडला येईपर्यंत थांबले आणि मग तसाच लिफाफा घेऊन लातूरला गेले. आईनं आधी हात पुसले, चष्मा लावला. फोटोत जुन्या घराचं अंगण आहे. मागं दगडी भिंत आणि दाराची चौकट. आजी सूप घेऊन पाखडायला बसलीय, डोक्यावरून पदर, हातात काकणं. सगळं ओळखू येतं. चेहरा मात्र हललेला. नाक, कपाळ, कुंकू कळतं, तोंडाशी पुसट झालंय.

माझ्या पोटात गोळा आला. तीस वर्षांनी आलेला एकच फोटो, आणि चेहराच हललेला! मी काहीतरी समजावायला गेले.

आई म्हणाली, "हलली नाही गं. बोलायली होती."

"काय बोलत होती?"

"'आधी भाकर खा, मग काय ते फोटो काढ.' अन् मी दाबलं बटण."

मग आईनंच मला बोट ठेवून दाखवलं, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. अंगणात, आजीच्या सुपाशेजारी एक लांब सावली पडलीय. कोपरं बाहेर काढून, डोळ्याशी ठोकळा धरून उभ्या बाईची. ऊन पाठीशी घ्यायचं, असं बाबांनी शिकवलं होतं ना! माय-लेकींचा एकत्र असा आमच्याकडं हा एकच फोटो आहे.

त्या दुपारी आई बोलत राहिली. दाराच्या चौकटीवर कुणी नक्षी केली होती, सूप कुठल्या बाजारातून आणलेलं, वासराचं नाव काय होतं. भूकंपानंतर गावाबद्दल ती इतकं कधी बोलली नव्हती. मी पेन्सिल घेतली आणि लिहीत गेले.

मैत्रिणींनो, मला तुम्हांला सांगायचं आहे ते एवढंच. रोल धुऊन आला, पण फोटो पुरा झाला तो आईनं सांगितल्यावर. ती नसती, तर माझ्या मुलांच्या लेखी तो एका अनोळखी म्हातारीचा हललेला फोटो झाला असता. तुमच्याही घरात असा एखादा कॅमेरा, एखादा लिफाफा, एखादा चिकटलेला अल्बम असेल. त्याच्यासाठी ज्या गोष्टी मी विचारपूस करून आणि थोड्या ठेचा खाऊन शिकले, त्या खाली देते. कात्रण करून ठेवा.

जुना कॅमेरा हाती आला तर

(१) पाठ लगेच उघडू नये. आत रोल असेल, तर क्षणभराच्या उजेडानंही चित्र जातं. पाठीला तांबडी खिडकी असल्यास तिच्यात आकडा दिसतो का ते पाहावं. लहान डबीचा रोल लागणाऱ्या कॅमेऱ्यात, रोल उलटा गुंडाळायची खुंटी अगदी हलक्या हातानं फिरवावी. ताण लागला तर आत रोल आहे असं समजावं.

(२) रुंद रोल असेल, तर तो पुढंच गुंडाळत न्यावा. आकडे संपून खुंटी सैल फिरू लागली, की सावलीत बसून काढावा आणि कागदी पट्टी घट्ट चिकटवून टाकावी. डबीचा रोल मात्र उलटा डबीतच परत गुंडाळावा लागतो. खुंटी अडकली तर जोर करू नये. जाणत्या माणसाकडून अंधारात उघडून घ्यावी.

(३) धुवायला देण्याआधी रोलचं नाव वाचावं, आणि कृष्णधवल की रंगीत ते स्पष्ट सांगावं. दुकानदारानं "सगळं एकच असतं" म्हटलं, तर रोल परत घ्यावा. पुण्या-मुंबईकडे जुने रोल हातानं धुणारे आजही मिळतात.

(४) भिंग पदरानं पुसू नये, आणि तोंडाची वाफ किंवा थुंकी लावून तर नाहीच नाही. आधी हवेचा रबरी फुगा मारून धूळ उडवावी, मग मऊ धुतलेल्या मलमलीनं हलकेच टिपावं.

(५) कॅमेरा चामडी कव्हरात कायमचा ठेवू नये. पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि बुरशी भिंगावर चढते. सुती कापडात गुंडाळून, औषधाच्या किंवा बुटांच्या खोक्यात येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्यांसह डब्यात ठेवावा. सेल असल्यास काढून ठेवावेत. आणि माळ्यावर तर मुळीच नको. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात छताखालची भट्टी होते.

जुन्या फोटोंसाठी

(१) काळ्या कागदाचे, कोपऱ्यात फोटो अडकवायचे जुने अल्बम चांगले. चिकट पानं आणि वर प्लास्टिक असलेले अल्बम फोटो खराब करतात. त्यांतले फोटो निघत असतील तर हळूच काढावेत. निघत नसतील तर ओढू नयेत, आहेत तसेच मोबाइलवर टिपून ठेवावेत.

(२) निगेटिव्ह कचरा समजून टाकू नयेत. मूळ तेच. कडेनं धरावेत आणि साध्या कागदाच्या पाकिटात ठेवावेत.

(३) फोटोच्या मागं बॉलपेननं लिहू नये, समोर उमटतं. मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं नाव, गाव, साल लिहावं. "आजी" असं नुसतं लिहू नये. कुणाची आजी, तिचं माहेरचं नाव काय, तेही लिहावं. आपल्याकडं बाईचं माहेरचं नाव दोन पिढ्यांत पुसलं जातं.

(४) घरातल्या थोरल्या माणसाजवळ अल्बम घेऊन बसावं. एका वेळी दहाच फोटो. माणूस थकला, किंवा डोळे भरून आले, तर तिथंच थांबावं. आणि ज्यांची आठवण आहे, त्यांना विचारल्याशिवाय बंद लिफाफे उघडू नयेत. हे मी माझ्या घरात शिकले.

(५) मोबाइलमधल्या हजारो फोटोंतले वर्षाला बारा निवडून छापून घ्यावेत. एका रिळात बारा यायचे, तेवढेच. कुठले बारा, यावर घरात भांडण होईल. होऊ द्या! त्या निमित्तानं सगळे एका जागी बसतील. आणि त्या बारांत स्वतःचा एक तरी असू द्या बरं का. आपण फोटो काढतो आणि आपणच फोटोत नसतो.

कॅमेऱ्याचं काय झालं, असं विचाराल. बाबांनी खटका तपासला. चालू आहे. तो कधी बिघडलेलाच नव्हता. त्याचे रोल आजही मिळतात. आमच्या कारखान्याचे नाहीत, बाहेरदेशचे, आणि स्वस्तही नाहीत. रोल आणि धुलाई मिळून खर्च चांगलाच होतो, म्हणून एकच आणलाय. येत्या येळवशीला तो आईच्या हाती द्यायचा बेत आहे. आई म्हणते, माझे हात कापतात, फोटो हलेल.

हलू दे की!

देवघराशेजारी आता आजोबांच्या बाजूला आजी आहे. फोटो मोठा करताना दुकानदारानं विचारलं होतं, "ही खालची सावली काढून टाकू का? आता कॉम्प्युटरवर सगळं निघतं." आईनं तिथंच नाही म्हणून सांगितलं.

तुमच्या माळ्यावर काय आहे, पाहिलंत का?

तुमची मैत्रीण